ठरलेल्या पैशात संगणक : कात्री कुणाच्या हातात?



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. ठरावीक पैशात लॅपटॉप कोणता घ्यावा, हे दुकानात विचारायचं; इतिहासाच्या व्याख्यानात त्याचं काय काम? आमचं म्हणणं असं की या प्रश्नाला चांगला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत नसतो म्हणूनच आपण दुकानात गोंधळतो.

हा प्रश्न साधारण जून ते ऑगस्टमध्ये घराघरांत येतो. मुलीला डिप्लोमाला, इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला प्रवेश मिळतो. फी भरून होते, खोलीचं डिपॉझिट जातं, मेसचे पैसे जातात, आणि मग जे उरतं ती लॅपटॉपची रक्कम. तीस हजार म्हणा, चाळीस म्हणा. ती रक्कम बाजार बघून ठरलेली नसते, घर बघून ठरलेली असते, आणि ती एकदाच मिळणार असते. ज्याच्या खिशात आहे त्याची निवड चुकली तर तो वर्षभरानं दुसरा घेतो. ज्याच्या खिशात नाही त्याला ती चूक चार वर्षं रोज सकाळी उघडून बसावं लागतं. म्हणून हा विषय आम्ही लहान मानत नाही.

आता मूळ मुद्दा. स्वस्त संगणक म्हणजे काय? महाग संगणकातून काहीतरी कापलं की स्वस्त संगणक होतो. यात जादू नाही. शिंप्याकडे कापड कमी नेलं तर तो सदरा शिवून देतो, पण बाही आखूड करायची की लांबी, की खिसा गाळायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. संगणकाच्या इतिहासात ही कात्री हातातून हातात फिरत आली. कधी ती कारखानदाराकडे होती, कधी गिऱ्हाइकाकडे, कधी सरकारी निविदेकडे. ज्याच्या हातात ती होती त्यानं आपल्या सोयीनं कापलं. आज आपण हा प्रवास बघू, आणि शेवटी, आज दुकानात उभं राहिल्यावर कात्री थोडी तरी आपल्या हातात कशी घेता येईल, हेही बघू.

अकरा किलोचा 'उचलता येणारा' संगणक

सुरुवात १९८१ पासून करू. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत 'ऑस्बोर्न १' नावाचं यंत्र लोकांसमोर आलं. ॲडम ऑस्बोर्न या गृहस्थांचा जन्म बँकॉकचा, पण बालपण गेलं तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी आणि त्यांच्यावर लिहिणारे लेखक. ॲडम पुढे अमेरिकेत गेले, संगणकावरची पुस्तकं लिहू-छापू लागले आणि मग स्वतःच यंत्र काढलं. आयुष्याच्या अखेरीस ते परत तमिळनाडूत आले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले.

तर हा ऑस्बोर्न १. वजन सुमारे अकरा किलो. शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा. बॅटरी नाही. पडदा पाच इंचांचा, म्हणजे आजच्या मोबाईलपेक्षाही लहान. ओळीत बावन्न अक्षरं मावत, पुढचं वाचायला पडदा बाजूला सरकवावा लागे. किंमत १,७९५ डॉलर. आज ऐकून हसू येतं, पण त्या काळी हे यंत्र लोकांनी रांगा लावून घेतलं. का?

कारण ऑस्बोर्ननं पडदा कापला, वजनाची फिकीर सोडली, पण एक गोष्ट वाढवून दिली. यंत्राबरोबर सॉफ्टवेअर फुकट दिलं. लिहायला वर्डस्टार, हिशेबाला सुपरकॅल्क, शिवाय बेसिक. हे सगळं वेगळं विकत घेतलं तर यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाई. म्हणजे गिऱ्हाइकानं घरी नेऊन पेटी उघडली की त्याच दिवशी काम सुरू. पुरेसं असलं म्हणजे झालं, बाकी सगळं नंतर, अशी या माणसाची भूमिका होती. कंपनी मात्र फार टिकली नाही. नव्या मॉडेलची घोषणा आधीच केली, जुन्याची विक्री थंडावली, स्पर्धकही तोवर उभे राहिले होते, आणि १९८३ मध्ये दिवाळं निघालं.

त्याच १९८३ मध्ये दुसरं एक यंत्र आलं, 'टीआरएस-८० मॉडेल १००'. जपानच्या क्योसेरा कंपनीनं बनवलेलं, अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत विकलेलं. आठ किलोबाइट स्मृतीच्या मॉडेलची किंमत १,०९९ डॉलर. पडद्यावर फक्त आठ ओळी, प्रत्येक ओळीत चाळीस अक्षरं. पण वजन दीड किलोच्या आत, चार साध्या पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचं, कीबोर्ड पूर्ण आकाराचा आणि उत्तम, आणि टेलिफोनच्या तारेवरून मजकूर पाठवायची सोय आतच. वार्ताहरांनी ते डोक्यावर घेतलं. त्यांना चित्रं नको होती, रंग नको होते. लिहायचं होतं आणि कार्यालयात पाठवायचं होतं. यंत्रात जे कापलं होतं ते त्यांना लागतच नव्हतं, आणि जे लागत होतं तिथे कात्री लागली नव्हती.

मंडळी, हे लक्षात ठेवा. दोन्ही यंत्रांत भरपूर काटछाट होती. तरी ती चालली, कारण कापणाऱ्याला वापरणाऱ्याचं काम माहीत होतं.

लॅमिंग्टन रोडवरचा कागद

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे ऐंशीच्या दशकापर्यंत संगणक ही घरात आणायची वस्तूच नव्हती. आयातीवर परवाने आणि जबर जकात. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारनं नवं संगणक धोरण आणलं, त्यानंतर दारं किलकिली झाली. मग १९९१ चं उदारीकरण. मग १९९७ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरची जकात उठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला आणि टप्प्याटप्प्यानं, २००५ पर्यंत, संगणकांवरची जकात शून्यावर आली.

या मधल्या वर्षांत आपल्या मध्यमवर्गानं संगणक कसा घेतला? 'असेंबल' करून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एखादा पोरगा, जो मुंबईहून सुटे भाग आणून यंत्र जुळवून द्यायचा. त्याच्याकडे गेलं की तो एक कागद घ्यायचा आणि यादी लिहायचा. प्रोसेसर इतके, मदरबोर्ड इतके, रॅम इतके, हार्ड डिस्क इतके, मॉनिटर इतके, कॅबिनेट, कीबोर्ड, माऊस. खाली बेरीज. बेरीज आपल्या रकमेच्या वर गेली की बोलणी सुरू. "डिस्क लहान टाकू का?" "मॉनिटर पंधरा इंची घ्या, सतरा नको." "रॅम आत्ता एकच पट्टी टाकू, दिवाळीला दुसरी टाका."

हा कागद आमच्या मते आपल्या ग्राहक-इतिहासातला एक मोलाचा दस्तऐवज आहे. कारण त्यावर कात्री गिऱ्हाइकाच्या हातात होती. काय कापलं, किती वाचले, आणि पुढे ते परत कसं जोडता येईल, हे सगळं एका पानावर दिसायचं. त्या व्यवहारात फसवणूक नव्हती असं नाही. पावती नसायची, जुनी डिस्क नवी म्हणून खपायची, विंडोज बहुतेक वेळा चोरीचं असायचं. पण हिशेब उघडा होता.

याच काळातली एक गोष्ट मराठी माणसानं विसरू नये. त्या काळी संगणकावर मराठी हवी असेल तर तिचे वेगळे पैसे पडत. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं वाढवलेलं 'जिस्ट' तंत्र होतं. त्याचं एक कार्ड संगणकात बसवायचं, मग देवनागरी दिसायची. पैसे ठरलेले असले की यादीतून ते कार्ड पहिल्यांदा उडायचं. म्हणजे बघा, बजेट कमी पडलं की कापली जाणारी गोष्ट आपली भाषा होती. पुढे युनिकोड आलं, विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आतच मिळू लागली, आणि हा खर्च नाहीसा झाला. आज तुमच्या स्वस्तातल्या स्वस्त लॅपटॉपवर मराठी दिसते, टाइप करता येते. किंमत न वाढता गिऱ्हाइकाला काही मिळालं, असं या कथेत फार कमी वेळा होतं; हे त्यातलं एक.

चुकीच्या जागी कात्री

आता कारखानदार चुकीच्या जागी कापतो तेव्हा काय होतं, याचं एक नामांकित उदाहरण. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलनं स्वस्त संगणकांसाठी 'सेलेरॉन' नावाचा प्रोसेसर आणला. पेंटियम टू हाच मूळ साचा, पण त्यातली दुसऱ्या पातळीची कॅशे पूर्ण काढून टाकली. कॅशे म्हणजे काय? स्वयंपाक करताना मिठाचा-तिखटाचा डबा हाताशी असतो, दर वेळी कोठारात जावं लागत नाही. तो हाताशी असलेला डबा म्हणजे कॅशे. तोच काढला. वेग कागदावर २६६ मेगाहर्ट्झ, आकडा देखणा, पण काम रखडायचं. जाणकारांनी खूप नावं ठेवली. इंटेलनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थोडी कॅशे परत घालून '३००ए' हे मॉडेल काढलं, आणि ते इतकं चांगलं निघालं की हौशी मंडळी कमी पैशात जास्त वेग काढण्यासाठी तेच शोधू लागली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, डब्यावर छापलेला मोठा आकडा खरा असूनही माणसाची दिशाभूल करू शकतो. दुसरी, योग्य जागी घातलेले थोडे पैसे यंत्राची जातच बदलतात. पुढे आपण याकडे परत येऊ.

शंभर डॉलरचं स्वप्न

नव्या शतकात कात्री सरकारांच्या आणि संस्थांच्या हातात गेली. आधी रक्कम ठरवायची, मग त्यात यंत्र बसवायचं. भारतात याची सुरुवात आधीच झाली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतले अभियंते यांनी मिळून 'सिंप्युटर' आखला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत बोलणारा, आणि लक्ष्य होतं सुमारे नऊ हजार रुपयांचं. गावानं एक यंत्र घ्यायचं आणि प्रत्येकानं आपलं स्मार्ट कार्ड घालून वापरायचं, ही त्यामागची सुंदर कल्पना. ते २००४ मध्ये बाजारात आलं, तेव्हा मोबाईल फोन दाराशी येऊन उभा होता. सिंप्युटरचा खप फार झाला नाही.

जगभर गाजलं ते दुसरं स्वप्न. एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ च्या जानेवारीत दावोसला जाहीर केलं की जगातल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिसला कोफी अन्नान यांच्या हस्ते नमुना दाखवला. हातानं फिरवून वीज निर्माण करायचा एक दांडा त्याला होता. तो दांडा तिथेच, सगळ्यांसमोर, निखळून हातात आला. पुढच्या यंत्रात दांडा नव्हता.

पण हे यंत्र टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. मेरी लू जेप्सेन यांनी त्याचा पडदा असा घडवला की कडक उन्हातही वाचता येई. धूळ-पाणी सोसणारा कीबोर्ड, फारच कमी वीज. कात्री चालवणाऱ्यांनी इथे खरंच विचार केला होता. तरी २००७ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं तेव्हा एका यंत्राची किंमत शंभर नव्हे, दोनशे डॉलरच्या आसपास होती.

भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. एवढा पैसा शिक्षकांवर आणि वर्गखोल्यांवर जावा, असा त्यामागचा सूर होता. तरीही २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी, एका एकशिक्षकी शाळेत, या लॅपटॉपचा छोटा प्रयोग झाला. वीस-बावीस मुलांना एकेक हिरवं-पांढरं यंत्र मिळालं. मोठ्या प्रमाणावर योजना राबवली ती पेरूनं. तिथे लाखो यंत्रं वाटली. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी तिथल्या शाळांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला की गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ झाल्याचा पुरावा मिळत नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत मात्र थोडा फायदा दिसतो.

यात यंत्राचा दोष किती? आमच्या मते कमी. शंभर डॉलर ही यंत्राची किंमत होती. शिक्षकाचं प्रशिक्षण, दुरुस्ती, वीज, इंटरनेट, अभ्यासक्रमाशी सांगड, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर राहिलं. घरातही हेच होतं. आपण पूर्ण रक्कम यंत्रावर घालतो आणि दुसऱ्या वर्षी बॅटरी गेली की बसतो.

नेटबुक : कमाल मर्यादेची गोष्ट

शंभर डॉलरच्या लॅपटॉपनं बाजाराला एक चटका मात्र दिला. तैवानच्या असूसनं २००७ च्या ऑक्टोबरात 'ई पीसी ७०१' आणला. सात इंची पडदा, चार गिगाबाइटची साठवण, अर्धा गिगाबाइट रॅम, लिनक्स, आणि वजन एक किलोच्याही आत. किंमत ३९९ डॉलर, त्या वेळच्या दरानं सुमारे सोळा हजार रुपये. लोकांनी उड्या मारल्या. सगळ्या कंपन्यांनी नकला काढल्या. या जातीला नाव पडलं 'नेटबुक'.

आणि इथे कात्री तिसऱ्याच माणसाच्या हातात गेली. मायक्रोसॉफ्टला ही सगळी यंत्रं लिनक्सकडे जाऊ द्यायची नव्हती. म्हणून विंडोज एक्सपीची विक्री इतरत्र थांबवत असताना या छोट्या यंत्रांसाठी ती स्वस्तात चालू ठेवली, पण अटी घातल्या : पडदा इतक्यापेक्षा मोठा नको, रॅम इतक्यापेक्षा जास्त नको, डिस्क इतक्यापेक्षा मोठी नको. नेटबुकनं खऱ्या लॅपटॉपचं गिऱ्हाईक खाऊ नये, हा हेतू. मग वर्षानुवर्षं बाजारात एक गिगाबाइट रॅमची, दहा इंची पडद्याची, एकसारखी यंत्रं येत राहिली. विंडोज ७ ची जी 'स्टार्टर' आवृत्ती त्यांवर येई, तिच्यात पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे! आता हे कापून कुणाचे पैसे वाचले? कुणाचेच नाहीत. काटछाट दोन तऱ्हांची असते, एक खर्च वाचवायला आणि दुसरी महाग माल खपावा म्हणून स्वस्त माल मुद्दाम लंगडा ठेवायला. गिऱ्हाइकाला ही दुसरी ओळखता आली पाहिजे.

२०१० मध्ये आयपॅड आला, फोन मोठे होत गेले, आणि दोन-तीन वर्षांत नेटबुक संपले.

सव्वादोन हजारांचा आकाश

आपल्या सरकारनं मग स्वतःचं स्वप्न काढलं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅबलेट सादर केला. डेटाविंड कंपनीचा, सरकारला पडणारी किंमत सुमारे सव्वादोन हजार रुपये. जगभरच्या वर्तमानपत्रांत मथळे आले. आत काय होतं? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, पाव गिगाबाइट रॅम, आणि नखानं दाबावा लागेल असा रेझिस्टिव्ह पडदा. बॅटरी तीनेक तासांची. पोरांनी ज्या फोनवर बोट फिरवून पाहिलं होतं, त्याच्यापुढे हे यंत्र रडतच चालायचं. वाद झाले, मग काम आयआयटी मुंबईकडे आलं. प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आकाश २' सुधारून घेतला. वेगवान प्रोसेसर, दुप्पट रॅम, बोटाला साद देणारा पडदा, आणि किंमत जवळपास तीच. वर्षभरात तेवढ्याच पैशात इतका फरक पडला. पण पहिल्या अनुभवानं नाव खराब झालं ते झालंच.

दुसरीकडे तमिळनाडूनं २०११ पासून आणि उत्तर प्रदेशानं २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना थेट बाजारातले नेहमीचे लॅपटॉप वाटले. त्या योजनांवर राजकीय टीका बरीच झाली, पण एक फरक बघा. तिथे आधी 'नेहमीचा लॅपटॉप' ही वस्तू ठरली, मग निविदा काढून भाव पाडला. आकाशच्या वेळी आधी भाव ठरला, मग वस्तू त्यात कोंबली. आपल्या घरात रक्कम ठरलेली असते, हे खरं. पण कामाची किमान यादी आपण रकमेच्या आधी लिहिली, तर आपणही आकाश घेण्यापासून वाचू.

आजची कात्री

आता आज. पूर्वी लॅपटॉपसुद्धा मागून चार स्क्रू काढून उघडता यायचा. रॅमची पट्टी बदला, डिस्क बदला, बॅटरी खटकन काढा. गेल्या दहा-बारा वर्षांत यंत्रं पातळ होत गेली आणि रॅम मदरबोर्डावरच सोल्डर होऊ लागली. म्हणजे "दिवाळीला दुसरी पट्टी टाकू" हे वाक्यच बाद झालं. काही स्वस्त यंत्रांत साठवणही सोल्डर केलेली, तीही ईएमएमसी नावाची, फोनच्या मेमरीच्या जातीची, एसएसडीपेक्षा पुष्कळ मंद. २०२३ मध्ये रिलायन्सनं जिओबुक काढला, १६,४९९ रुपयांना, चार गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट ईएमएमसी साठवणीचा. ज्याला इंटरनेटवर वाचायचं, लिहायचं, व्हिडिओ बघायचे, त्याला तो पुरतो. ज्याला अभियांत्रिकीची सॉफ्टवेअरं चालवायची, त्याच्यासाठी तो नाही. यंत्र वाईट नाही. काम आणि काटछाट जुळायला हवी.

नावांचाही घोळ झालाय. सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं इंटेलनं २०२३ पासून लॅपटॉपवरून उतरवली आणि तिथे नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहिलं. एएमडीचा 'रायझन ५ ७५२०यू' घ्या. आकडा सात हजारांच्या मालिकेतला, म्हणून नवाकोरा वाटतो, पण आतला गाभा 'झेन २', म्हणजे २०१९ च्या पिढीचा. खोटं कुणी बोललेलं नाही. १९९८ च्या त्या २६६ मेगाहर्ट्झसारखंच हे आहे.

शिवाय रुपया. २००७ च्या अखेरीस डॉलर चाळीस रुपयांच्या आसपास होता. २०२२ मध्ये त्यानं ऐंशी ओलांडले. म्हणजे चारशे डॉलरचं यंत्र तेव्हा सोळा हजारांचं, आता बत्तीस हजारांहून जास्त. "त्याच पैशात पूर्वी चांगला यायचा," असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा ती चुकत नाहीत. ठरलेली रक्कम उभी असते आणि तिच्या पायाखालची जमीन सरकते. थायलंडला २०११ मध्ये पूर आला तेव्हा हार्ड डिस्कचे भाव इथे लॅमिंग्टन रोडवर चढले होते.

तर मग घ्यायचा कसा?

इतिहासातून आम्हाला जो एक नियम सापडतो तो असा : जे पुढे बदलता येणार नाही, त्यावर आज पैसे घाला, जे पुढे जोडता येईल, तिथे आज कापा.

बदलता येत नाही काय? प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड, आणि सोल्डर केलेली रॅम. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न : "रॅम सोल्डर केलेली आहे का, की एखादी जागा रिकामी आहे?" जागा रिकामी असेल तर आठ गिगाबाइटवर भागवा, पुढे वाढवा. नसेल आणि चार वर्षं काढायची असतील, तर सोळा गिगाबाइटकडे जायचा प्रयत्न करा, त्यासाठी बाकी ठिकाणी कापा. चार गिगाबाइट सोल्डर केलेलं असेल तर कितीही सूट असो, हात जोडा. पडदा १९२० बाय १०८० चा आणि आयपीएस जातीचा असावा, कारण डोळे बदलून मिळत नाहीत. कीबोर्डावर दुकानातच उभ्या उभ्या दहा ओळी टाइप करून बघा. लाजू नका.

कापायचं कुठे? साठवण २५६ गिगाबाइटची चालेल, पण एसएसडी हवी आणि ती बदलता येणारी हवी. वेगळं ग्राफिक्स कार्ड कामाच्या यादीत नसेल तर नको. पातळपणा, धातूचं कव्हर, उजेड फेकणारी बटणं, हे सगळं कापा. लिनक्स शिकायची तयारी असेल तर विंडोज नसलेलं मॉडेल मिळतं का, तेही विचारा. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात मराठी उत्तम चालते.

जुना घ्यावा का? जरूर विचार करा. कंपन्यांच्या वापरातून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जातीचे लॅपटॉप मुळात मजबूत बांध्याचे असतात, आणि त्यांतल्या अनेकांत लॅमिंग्टन रोडचा तो कागद अजून जिवंत आहे. भाग उघडतात, बदलतात. मात्र विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. तेव्हा पिढी बघून घ्या, बॅटरी तपासून घ्या, पावती घ्या.

आणि रकमेतला काही भाग, शक्य झालं तर दहावा हिस्सा, यंत्रावर खर्चूच नका. बॅग, वाढीव वॉरंटी, पुढची बॅटरी, मोडलेला चार्जर, यांसाठी तो ठेवा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या जिल्ह्यात आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका. शंभर डॉलरवाल्यांनी हेच मोजलं नव्हतं.

शेवटचं एकच. दुकानात जाण्याआधी घरी बसून कागदावर दोन याद्या लिहा. यापुढच्या चार वर्षांत या यंत्रावर कोणकोणती कामं होणार, ही पहिली. कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या एखाद्याला विचारून कोणती सॉफ्टवेअरं लागतात, ही दुसरी. यादी मुलीनं लिहावी, कारण यंत्र ती वापरणार आहे. बापानं रक्कम सांगावी आणि गप्प बसावं. हा कागद दुकानदारासमोर ठेवला की बोलणं ऑफरवरून कामावर येतं, आणि त्याच क्षणी कात्री काउंटरच्या पलीकडून अलीकडे येते. तेवढी ती पुन्हा आपल्या हातात आली, तर या चाळीस वर्षांचा इतिहास सांगितल्याचं सार्थक झालं.